न्यू जर्सीत टॅक्स फुकट भरून देतात म्हणे, खरं आहे का? आणि हे ईआयटीसी काय प्रकरण आहे?

सांगलीवाला_एडिसन

नमस्कार मंडळी. आम्ही ऑक्टोबर २०२४ मध्ये ग्रीन कार्डवर इकडे आलो. भावाने एफ-४ मध्ये (सिटिझनच्या भावंडांसाठीचा गट) पिटिशन टाकलेलं, नंबर लागेपर्यंत माझे केस पांढरे झाले ते सोडा. मी वेअरहाउसला आहे, मिसेस ओक ट्री रोडवर एका ग्रोसरीत पार्ट टाइम करते. २०२५ चे दोघांचे मिळून ४७ हजारच्या आसपास होतात, दोघांचेही डब्ल्यू-२ (पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा वर्षाचा फॉर्म) आलेत. मुलगी नोव्हेंबरमध्ये १७ पूर्ण झाली, मुलगा ११ चा. ऑगस्टपर्यंत भावाच्या घरी होतो, सप्टेंबरपासून वन बेडरूम भाड्याने घेतलंय.

आता घोळ असा झालाय की कामावरचा एकजण मला त्याच्या टॅक्सवाल्याकडे घेऊन गेला. तो म्हणाला फी आत्ता काही नको, जो रिफंड येईल त्याच्या १५ टक्के. आणि म्हणे तुम्ही नवराबायको वेगवेगळे भरा, दोघेही हेड ऑफ हाउसहोल्ड (एकट्याने घर चालवणाऱ्यांसाठीचा प्रकार), एकेक मूल वाटून घ्या, रिफंड दणकून येतो. मिसेसला हे अजिबात पटलं नाही, तिथून उठूनच आली. दुसरीकडे भाऊ म्हणतोय मुलं माझ्या रिटर्नवर दाखवतो, जे मिळेल ते तुला देतो. त्याने एवढं केलंय आमच्यासाठी की नाही म्हणायला जीभ रेटत नाही.

परवा लायब्ररीत बोर्ड पाहिला, टॅक्स फुकट भरून मिळेल म्हणून. हे कुणासाठी असतं, सिटिझन असावं लागतं का? आणि असे क्रेडिट वगैरे घेतले तर उद्या सिटिझनशिपला सरकारी मदत घेतली म्हणून अडवतील का? अजून एक, सांगलीला बँकेत १८ लाखांची एफडी आहे, ती इथे दाखवायची असते का? तिकडचा टीडीएस तिकडे कापला जातो.

रिटायर्ड_मावशी

सांगलीवाले, आधी तुमच्या मिसेसना माझा नमस्कार सांगा, उठून आल्या ते फार बरं केलं.

मी रिटायर झाल्यापासून टॅक्स सीझनला व्हिटाच्या सेंटरवर बसते म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळू नका. लायब्ररीतला बोर्ड बहुतेक त्याचाच असणार. व्हिटा म्हणजे आयआरएसचा, इथल्या इन्कम टॅक्स खात्याचा, फुकट टॅक्स भरून द्यायचा कार्यक्रम, बसणारे सगळे व्हॉलंटियर, पण परीक्षा देऊन सर्टिफाय झालेले. उत्पन्न साधारण ७० हजारांच्या आत असलं की चालतं, आकडा दरवर्षी थोडा हलतो. सिटिझन असायची काही गरज नाही. ६० च्या वरच्यांसाठी टीसीई म्हणून वेगळं आहे, आणि एएआरपी या ज्येष्ठांच्या संघटनेचं टॅक्स-एड पण असतं, तिथे मेंबर असावं लागत नाही आणि म्हातारं असावं लागतं असंही नाही. तिन्ही ठिकाणी फी शून्य. कुणी पैसे मागितले तर ते व्हिटा नाही एवढं पक्कं समजा. सेंटर शोधायला आयआरएसच्या साइटवर लोकेटर आहे, नाहीतर ८००-९०६-९८८७ ला फोन करा, नाहीतर सरळ २११ फिरवा. अपॉइंटमेंट आजच घ्या, मार्चमध्ये आमच्याकडे मुंगीला शिरायला जागा नसते.

आता त्या टॅक्सवाल्याचं. लग्न झालेलं, एका छताखाली राहणारं जोडपं दोघंही हेड ऑफ हाउसहोल्ड होऊच शकत नाही. ही पळवाट वगैरे नाही हो, सरळ खोटं रिटर्न आहे. उद्या पकडलं गेलं की पैसे व्याजासकट परत, वर पेनल्टी, आणि निष्काळजीपणा ठरला तर २ वर्षं, फसवणूक ठरली तर १० वर्षं ईआयटीसी (कमी कमाईच्या कामकरी घरांना टॅक्समध्ये मिळणारी सूट, जी रोखही परत येते) बंद. तोवर तो टॅक्सवाला कुठल्या कुठे गेलेला असतो, कारण असे लोक रिटर्नवर स्वतःची सही आणि पीटीआयएन (टॅक्स भरून देणाऱ्याचा नंबर) घालतच नाहीत, कागदावर दिसतं की तुम्हीच भरलंय. रिफंडवर टक्केवारी घेणाऱ्याकडे जाऊ नका असं आयआरएस दरवर्षी ओरडून सांगते. टक्केवारी आली की आकडा फुगवायची हाव आलीच.

तुमचं खरं गणित जॉइंट, म्हणजे नवराबायकोच्या एकत्र रिटर्नचं आहे. ढोबळ करून दाखवते. ४७ हजारांतून स्टँडर्ड डिडक्शन (सरसकट मिळणारी वजावट) ३१,५०० गेलं, राहिले १५,५००, त्यावर १० टक्क्यांनी टॅक्स १,५५०. मुलगा ११ चा, त्याचं चाइल्ड टॅक्स क्रेडिट २,२००. मुलगी वर्षाखेरीला १७ ची झाली म्हणून तिचं ते गेलं, दीड महिन्याने हुकलं बघा, पण तिचे ५०० डॉलर दुसऱ्या क्रेडिटचे मिळतात. म्हणजे टॅक्स शून्य होऊन वर ११५० उरतात आणि ते तुम्हाला रोख परत येतात. हे झालं एक.

ईआयटीसी वेगळं. त्याला मुलीचं १७ वय आड येत नाही, १९ पर्यंत चालतं, फुल टाइम शिकत असेल तर २४ पर्यंत. म्हणून तुमची दोन मुलं धरली जातात. दोन मुलांना २०२५ साठी जास्तीत जास्त ७,१५२, जॉइंट भरणाऱ्यांना उत्पन्न ६४,४३० च्या पुढे गेलं की शून्य, मधे उतरत जातं. ४७ हजारला साधारण ३,६०० च्या वर बसतं. आणि न्यू जर्सी स्वतःचं ईआयटीसी देते, फेडरलच्या ४० टक्के, म्हणजे आणखी १,४०० च्या पुढेमागे. हे सगळं पगारातून कापलेल्या टॅक्सच्या वर. खोटं काही न लिहिता एवढं मिळतंय, मग त्या बाबाला १५ टक्के कशाचे द्यायचे?

भावाचं नीट ऐका. तुम्ही आईवडील असताना पहिला हक्क तुमचा. काका दाखवू शकतो, पण तुम्ही दाखवलं नाहीत तर, आणि त्याचं उत्पन्न तुमच्यापेक्षा जास्त असेल तर. पण त्याचा पगार चांगला असेल तर त्याला ईआयटीसी मिळणारच नाही, म्हणजे तुमचे मोठे पैसे हवेत जातील आणि त्याच्या हातात फक्त चाइल्ड क्रेडिट पडेल. आणि दोघांनी दाखवलं तर दुसऱ्याचं ई-फाइल रिजेक्ट होतं, मग पत्रं सुरू. भावाला हा हिशोब कागदावर दाखवा, वाईट वाटायचा प्रश्नच येणार नाही. बाकीचं रात्री लिहिते, नातवाला आणायला जायचंय.

टॅक्सपेअर_नंबर_वन

वा. आम्ही इथे वर्षाला ४० हजार नुसता टॅक्स भरतो आणि इथे लोक टॅक्स शून्य करून वर चार-पाच हजार घेऊन जातात. लगे रहो.

बाकरवडी_पार्सल

@टॅक्सपेअर_नंबर_वन साहेब, त्यांच्या ४७ हजारांतून सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरचे ७.६५ टक्के कापले गेलेच आहेत की, म्हणजे साडेतीन हजारांच्या वर, ते त्यांना कुणी परत देत नाहीये. आणि ईआयटीसी घरी बसून मिळत नाही, कमाई दाखवावी लागते, कमाई शून्य तर क्रेडिट शून्य. १९७५ पासून चालू आहे, दोन्ही पार्ट्यांच्या सरकारांनी वाढवत नेलंय. तुमच्या ऑफिसला सामान पोचवणारी माणसं अशाच पगारावर जगतात. असो, धागा भरकटवायचा नाहीये.

सिटिझनशिपचं मी सांगतो, आम्ही यातून गेलोय. सिटिझनशिपच्या अर्जात पब्लिक चार्जची, म्हणजे माणूस सरकारी मदतीवर अवलंबून राहील का याची, परीक्षा नसते, ती ग्रीन कार्ड देतानाची भानगड. आणि ईआयटीसी, चाइल्ड क्रेडिट हा टॅक्सच्या हिशोबाचा भाग आहे, वेल्फेअर नाही. उलट सिटिझनशिपला टॅक्स रिटर्न नीट भरलेत का हे बघतात. म्हणजे ते हेड ऑफ हाउसहोल्डचं खोटं प्रकरण तिथे अंगाशी येऊ शकतं. ज्यांच्या ग्रीन कार्डचा निकाल अजून लागायचाय त्यांनी मात्र फोरमवर विचारण्यापेक्षा इमिग्रेशन वकिलाला विचारा.

आणि दादा मुलगी १७ ची आहे म्हणजे कॉलेज तोंडावर आलं. ग्रीन कार्डवाल्यांना फाफ्सा (कॉलेजसाठी सरकारी मदतीचा अर्ज) भरता येतो, त्यात याच रिटर्नमधले आकडे जातात, शिवाय न्यू जर्सीची टॅग ग्रँट आहे. रिटर्न चुकीचं तर ते पण चुकीचं.

एच४_आणि_वैतागलेली

मधेच विचारते, सॉरी. नवऱ्याचा एच-१बी, गेल्या वर्षी लेऑफ झाला आणि मधे बरेच महिने गेले त्यामुळे २०२५ चं उत्पन्न बरंच कमी आहे. मला आयटीआयएन (नुसता टॅक्सपुरता नंबर) आहे, एसएसएन (सोशल सिक्युरिटी नंबर) नाही. मुलगी इथे जन्मलेली, तिला एसएसएन आहे. आम्हाला ईआयटीसी मिळेल का?

रिटायर्ड_मावशी

@एच४_आणि_वैतागलेली नाही गं. जॉइंट भरताना नवरा, बायको आणि मूल तिघांनाही कामाला चालणारा एसएसएन लागतो, एकाचा जरी आयटीआयएन असला तरी ईआयटीसी पूर्ण जातं. पण चाइल्ड टॅक्स क्रेडिट मिळेल. २०२५ पासून नियम असा आहे की मुलाला एसएसएन हवा आणि जॉइंट रिटर्नमध्ये आईबापांपैकी निदान एकाला. तुमच्याकडे दोन्ही आहे. तुझं एच-४ ईएडी (काम करायची परवानगी) आलं आणि एसएसएन मिळाला तर पुढच्या वर्षी बघ. उत्पन्न कमी असेल तर व्हिटात नक्की जा, व्हिसावाल्यांना पण करून देतात.

@सांगलीवाला_एडिसन एफडी. हो, दाखवायची. इथले रेसिडेंट झालात की जगात कुठेही मिळालेलं व्याज इथल्या रिटर्नमध्ये येतं. १८ लाखांवर ७ टक्के धरलं तर सव्वा लाख रुपये, म्हणजे साधारण चौदाशे-पंधराशे डॉलर. त्याने ईआयटीसी तीनेकशे डॉलरने खाली येईल, फार काही नाही. व्याज, डिव्हिडंड वगैरेची वर्षाची मर्यादा ११,९५० आहे, त्याच्या तुम्ही कितीतरी आत. तिकडे कापलेल्या टीडीएसचं इथे क्रेडिट मिळतं.

पण इथे दोन गोष्टींत लोक फसतात. एक, तिकडचं वर्ष एप्रिल ते मार्च आणि इथलं जानेवारी ते डिसेंबर. बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट मार्चपर्यंतचं असतं, ते तसंच्या तसं उचलून चालत नाही. बँकेकडून १ जानेवारी ते ३१ डिसेंबरचं स्टेटमेंट मागवा. दोन, एफडी क्युम्युलेटिव्ह असेल तर लोक म्हणतात व्याज मुदत संपल्यावर मिळणार, तेव्हा दाखवू. तसं नाही, एका वर्षावरची एफडी असेल तर दरवर्षी जेवढं साचलं तेवढं दाखवायचं.

आणि एफबीएआर. परदेशातली सगळी खाती मिळून वर्षात एका दिवशी जरी १० हजार डॉलरच्या वर गेली तर हा फॉर्म लागतो, तुमची गेलीतच. टॅक्स काही लागत नाही त्यावर, नुसती माहिती द्यायची, पण नाही दिली तर दंड भयंकर आहे. हा रिटर्नबरोबर जात नाही, फिनसेन या सरकारी खात्याच्या साइटवर वेगळा भरायचा, फुकट आहे. तारीख १५ एप्रिल, पण आपोआप १५ ऑक्टोबरपर्यंत मुदत मिळते. मिसेसचं नाव एफडीवर असेल तर त्यांचंही बघा. तुम्ही २०२४ मध्येच आलात, म्हणून त्या वर्षाचा राहिला असेल तर तोही भरून टाका, उशिराचं कारण लिहायची सोय असते त्यात.

व्हिटावाले एफबीएआर भरून देत नाहीत. काही सेंटरवाले परदेशी खातं म्हटलं की हातच वर करतात, म्हणून अपॉइंटमेंट घेतानाच फोनवर सांगा की इंडियातलं बँकेचं व्याज आहे, चालेल का. तिकडचे म्युच्युअल फंड असतील तर मात्र आमच्या हाताबाहेरचं काम, त्याचे फॉर्म वेगळे आणि किचकट आहेत, तिथे पैसे देऊन जाणकार माणूस गाठावाच लागतो.

ऑस्टिनचा_उपाशी

मी एफ-१ वर (स्टुडंट व्हिसा) आहे, कॅम्पस जॉब, वर्षाचे ११ हजार मिळाले. मला ईआयटीसी मिळेल का? टेक्सासमध्ये स्टेट टॅक्स नाही एवढंच माहितीये. रूममेटने नेहमीच्या सॉफ्टवेअरमध्ये भरलं आणि त्याला म्हणे मस्त रिफंड दाखवतंय.

बाकरवडी_पार्सल

@ऑस्टिनचा_उपाशी रूममेटला आत्ताच्या आत्ता थांबव. एफ-१ वर पहिली ५ कॅलेंडर वर्षं टॅक्ससाठी तू नॉनरेसिडेंट, १०४०-एनआर हा रिटर्नचा फॉर्म भरायचा. नेहमीचं सॉफ्टवेअर रेसिडेंटचा १०४० भरतं, त्यात जे मस्त दिसतंय ते आपलं नसतं, नंतर अमेंड करत बसावं लागतं. ईआयटीसी नाही. पण भारतीय विद्यार्थ्यांची एक चंगळ आहे, भारत-अमेरिका कर कराराच्या कलम २१(२) मुळे आपल्याला स्टँडर्ड डिडक्शन घेता येतं, बाकीच्या बहुतेक देशांच्या पोरांना नॉनरेसिडेंट असताना ते मिळत नाही. सिंगलला २०२५ साठी १५,७५०. तुझे ११ हजार त्यातच संपले, म्हणजे फेडरल टॅक्स कापला असेल तो सगळा परत. फॉर्म ८८४३ (इथे किती दिवस होतास त्याचा) विसरू नकोस, तो कमाई नसली तरी भरायचा. युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला विचार, बऱ्याच ठिकाणी नॉनरेसिडेंट सॉफ्टवेअरचा फुकट कोड देतात.

रात्रपाळी_ड्रायव्हर

सांगलीवाले दादा, मी पण ग्रीन कार्डवाला, जर्सी सिटीला. फूड डिलिव्हरी करतो. माझ्यासारखे कोणी वाचत असतील तर म्हणून लिहितो, व्हिटावाले डिलिव्हरी-टॅक्सीवाल्यांचं पण करतात, खर्च ३५ हजारच्या आत पाहिजे आणि धंदा तोट्यात दाखवायचा नसला पाहिजे. मैल लिहून ठेवा, २०२५ ला मैलामागे ७० सेंट वजा होतात, आमच्या धंद्यात सगळा खेळ त्याचाच आहे. वही नसली की अंदाजे आकडा ठोकायचा मोह होतो आणि तिथेच माणूस अडकतो. १०९९ (कंपनीकडून येणारा कमाईचा फॉर्म) आला नाही म्हणून उत्पन्न दाखवायचं नाही असं पण नसतं हां. आणि आम्हाला वर १५.३ टक्के सेल्फ एम्प्लॉयमेंट टॅक्स बसतो तो धरून चाला, पहिल्या वर्षी तोंडचं पाणी पळतं.

अजून एक, काही दुकानात बोर्ड असतो आजच रिफंड घेऊन जा. ते तुमचेच पैसे तुम्हाला उसने देतात, फी कापून. थोडं थांबलं की तेच पैसे पूर्ण येतात. माझ्या एका दोस्ताची त्यात चांगली रक्कम गेली.

वरणभात_तूप_लिंबू

ज्यांना स्वतः भरायचंय त्यांच्यासाठी: आयआरएस फ्री फाइल, २०२५ चं उत्पन्न ८९ हजारपर्यंत. पण आयआरएसच्या साइटवरूनच आत शिरा. सरळ सॉफ्टवेअर कंपनीच्या साइटवर गेलात तर फ्री फ्री म्हणत शेवटच्या पानावर पैसे मागतात. गेल्या वर्षीपर्यंत आयआरएसचं स्वतःचं डायरेक्ट फाइल होतं, ते यंदा बंद केलंय, शोधत बसू नका. न्यू जर्सीचं रिटर्न राज्याच्या साइटवर फुकट भरता येतं.

सांगलीवाला_एडिसन

मावशी, सगळ्यांचेच आभार, एवढं कुणी पैसे घेऊन पण सांगितलं नसतं. भावाला रात्री आकडे दाखवले, तो म्हणाला मला वाटलं माझ्याकडे जास्त मिळेल, तुझं तू घे. विषय संपला. लायब्ररीची अपॉइंटमेंट मिळाली, इंडियाच्या व्याजाचं विचारलं, आणा म्हणाले.

आता एवढंच सांगा, नेताना काय काय न्यायचं. आणि रिफंड कधीपर्यंत येतो? आणि भाडेकरूंना न्यू जर्सीत काही मिळतं असं मिसेसच्या दुकानात कुणीतरी म्हणत होतं.

रिटायर्ड_मावशी

भाऊ चांगला आहे हो तुमचा.

चौघांची सोशल सिक्युरिटी कार्डं घेऊन जा, मूळ, फोनमधला फोटो दाखवला तर आमच्याकडे परत पाठवतात. दोघांचे फोटो आयडी, दोघांचे डब्ल्यू-२, इथल्या बँकेचा १०९९-आयएनटी (व्याजाचा फॉर्म) असेल तर तो, एफडीचं ते जानेवारी-डिसेंबरचं स्टेटमेंट, गेल्या वर्षीचं रिटर्न. हेल्थ इन्शुरन्स गेट कव्हर्ड एनजे (राज्याची इन्शुरन्सची साइट) मधून घेतला असेल तर त्यांचा १०९५-ए फॉर्म विसरू नका, तो नसेल तर रिटर्न अडकतं. चेकबुक किंवा राउटिंग आणि अकाउंट नंबर, कारण कागदी चेक सरकार बंद करत आणतंय. आणि नवराबायको दोघंही या, जॉइंट ई-फाइलला दोघांच्या सह्या लागतात, एकटा नवरा येतो आणि बायको कामावर आहे म्हणतो असं रोज होतं आमच्याकडे. आधी एक चार पानी फॉर्म भरायला देतील, तो घाईत टिकमार्क करू नका, व्हॉलंटियर त्यावरूनच सगळं बघतो. शेवटी दुसरा व्हॉलंटियर पुन्हा तपासतो, त्याला वेळ लागतो, चिडू नका.

शाळेकडून मुलांच्या नावाचं आणि पत्त्याचं एक पत्र घेऊन घरी फाइलला लावून ठेवा. ईआयटीसीवाल्यांना कधीकधी मुलं तुमच्याकडेच राहत होती हे सिद्ध करायला पत्र येतं. तुमचे वर्षात दोन पत्ते झालेत, भावाचा आणि आत्ताचा, म्हणून दोन्ही दिसले तर उत्तम. तसं काही पत्र आलंच तर लो इन्कम टॅक्सपेअर क्लिनिक म्हणून असतात, तिथे वकील कमी किंवा शून्य फीत बघतात.

रिफंडचं म्हणाल तर ईआयटीसी असलं की कायद्यानेच १५ फेब्रुवारीच्या आधी सोडत नाहीत. डायरेक्ट डिपॉझिट टाकलं आणि रिटर्नमध्ये काही अडकलं नाही तर साधारण तीन आठवड्यांत येतो. न्यू जर्सीचा वेगळा येतो आणि त्यांच्या वेगाने येतो.

भाडेकरूंचं म्हणतायत ते अँकर, प्रॉपर्टी टॅक्सपोटी राज्याची मदत. १ ऑक्टोबरला तुम्ही तिथे भाड्याने राहत होतात का हे बघतात, तुम्ही २०२५ च्या १ ऑक्टोबरला होतात. लीजवर तुमचं नाव पाहिजे आणि घराला प्रॉपर्टी टॅक्स लागत असला पाहिजे. आत्तापर्यंत भाडेकरूंना ४५० दिलेत. याचा अर्ज रिटर्नबरोबर नसतो, वेगळा आणि नंतर निघतो, त्यामुळे लीज जपून ठेवा. आणि न्यू जर्सीच्या रिटर्नमध्ये भाडं विचारतात तिथे सप्टेंबर ते डिसेंबरचंच लिहा, भावाकडे राहिलेल्या महिन्यांचं नाही.

कोल्हापुरी_पायताण

मावशींच्या यादीत एक भर. सांगलीच्या बँकेत अजून रेसिडेंट म्हणूनच खातं चालू असेल तर ते एनआरओ (परदेशात राहणाऱ्यांचं खातं) करून घ्या, तिकडच्या फेमा या परकीय चलनाच्या कायद्याने ते लागतंच. एनआरओ झालं की टीडीएस ३० टक्के आणि वर सेस कापतात, पण इथल्या टॅक्स रेसिडेन्सीचं सर्टिफिकेट बँकेला दिलं तर कराराप्रमाणे १५ टक्के. बँकेत कुणाला माहिती नसतं, मॅनेजरलाच गाठा. आमच्या गावच्या शाखेतल्या साहेबांनी ते सर्टिफिकेट उलटंपालटं करून बघितलं आणि मला विचारलं यावर तहसीलदाराचा शिक्का कुठे आहे.